मामांचा एकुलता एक गरीब

जगातली गरिबी खरोखर हटवायला निघालेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. इतर लोक कोट्यवधींची काळजी वाहतात आणि दमतात. मामांनी एकच गरीब निवडला. सगुण त्याचं नाव. तो आमोण्याला मामांच्या पोफळीच्या बागेत, कुळागरात, मुंडकार होता, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीवर बापाच्या काळापासून घर करून राहिलेला. बाप दोडामार्गाकडून पोफळी शिंपायला आला आणि तिथलाच झाला. सगुणाचं मागणं एवढंच होतं: घराची मागची मातीची भिंत ढासळते आहे, ती चिऱ्यांची बांधायची तर पंचायत घराचा कागद मागते, तेव्हा घर त्याच्या नावावर करायला भाटकारांनी एक सही करावी. मामा म्हणत, “सही काय, केव्हाही करीन. आधी तत्त्व ठरू दे.”

मी जावई म्हणून त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा मामा लाल बावट्याचे होते. त्यांनी सगुणाची कामगार संघटना काढली होती. सभासद एक, अध्यक्ष मामा आणि मालकही मामाच. पहिला संप त्यांनी स्वतःविरुद्ध पुकारला. सगुण मुकाट्याने फणसाखाली जाऊन बसला. दुपारी संपकरी उपाशी राहील म्हणून मालकच पेज आणि भाजलेला बांगडा घेऊन गेले. संध्याकाळी बघतात तर संपकरी शिंपण करतोय. मामा चिडले, तेव्हा तो म्हणाला, “संप माका कळता भाटकारानूं, पोफळीक कळना.” सहीचं विचारलं की मामा समजावत, उद्या खासगी मालमत्ताच जायची आहे, मग आज तुला चिमूटभर मालक करून बिघडवू कशाला?

पुढे मामा खुल्या बाजाराचे झाले. सगुणाचा उद्योजक करायचा म्हणून त्याला मिरच्यांची टोपली देऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसवलं आणि भाव मागणीने ठरू दे म्हणून त्याला भाव सांगायची बंदी केली. बायका भाव विचारत, सगुण मामांकडे बघे, आणि मामा त्या बायकांनाच विचारत की तुमच्या मते किती? एकीने सांगितलं, घरात कोणी शहाणं माणूस असेल तर पुढच्या शुक्रवारी त्याला पाठवा. या काळात फुकट सही देणं म्हणजे माणसाची उमेद मारणं होतं. मग मामा खादीत आले. खाट सोडून सगुणासारखे चटईवर झोपू लागले आणि आठवड्यात छातीत कफ धरून बसले. काढा सगुणच उकळत होता. आता जमीन त्यांची नव्हतीच, ते नुसते विश्वस्त. “मी असताना तुला कागद कशाला रे?” हे त्यांनी इतक्या मायेने विचारलं की सगुणच ओशाळला.

कायद्याने तुझा हक्क आहे, मामलेदाराकडे अर्ज कर, असं मी एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, तो कायदा भाटकारांनीच मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलाय. पण ज्यांनी त्याच्या मुलीला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली, त्यांना कचेरीत उभं करणं त्याच्याने होणार नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मामांची उजवी बाजू गेली, आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. सगुण त्यांना उचलून पडवीत बसवी, भरवी. तिथून त्याची प्लास्टिकने झाकलेली भिंत समोरच दिसे. एका सकाळी माझ्यादेखत मामांनी डावा अंगठा वर केला आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, “कागद... आण.”

सगुणाने तो अंगठा मुठीत धरला आणि हळूच खाली ठेवला. “आता नको, भाटकारानूं. आजारी माणसाचो आंगठो घेतलो म्हणतले लोक. बरे व्हा, मगे सही करा.”

मामा लहान मुलासारखे रडले. पण बरे झाले नाहीत.

मामांना मूलबाळ नव्हतं; जमिनीला आता अकरा वारस आहेत. माझ्या बायकोने सही केली; बाकीचेही नाही म्हणत नाहीत, चतुर्थीला सगळे जमलो की बघू म्हणतात. मामांच्या वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा भिंत पडली होती, आणि सगुणाने संसार पुढच्या खोलीत ओढून घेतला होता. सहीचं त्याने विचारलंही नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, “यंदा मी कोण, ता सांगणारो कोणच रवलो नाय.”