खाणमालकाचा फ्यूज

गल्लीत त्याला सगळे खाणमालक म्हणायचे. खरा धंदा वायरमनचा, बापाकडून आलेला. पण घराच्या मागच्या खोलीत त्याने दोन यंत्रं बसवली होती आणि ती चोवीस तास गणितं सोडवून नाणी मिळवतात, असं तो सांगायचा. कसली नाणी, तर जी खिशात घालता येत नाहीत, वाजवून बघता येत नाहीत, फक्त फोनवर दिसतात. क्रिप्टोचं मायनिंग. मायनिंग म्हणजे खाणकाम, म्हणून हा खाणमालक. नाव ठेवलं खालच्या किराणावाल्याने, चेष्टेत. पण याला ते मनापासून आवडलं. जन्मभर ज्याला "ओ वायरमन, जरा इकडे या" एवढंच ऐकायची सवय, त्याला कुणी मालक म्हटलं तर तो कशाला नको म्हणेल?

यंत्रं दिसायला बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, पण आवाज असा की शेजारच्या खोलीत बोलायचं तरी घसा ताणावा लागे. बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. ती म्हणायची, "अहो, पिठाची गिरणी लावली असती तर निदान पीठ तरी पडलं असतं." तो हसायचा. सुरुवातीला हसायला हरकत नव्हती. पहिल्या वर्षी एका यंत्राने विजेचं बिल भागवून वर थोडं उरवलं, आणि त्या उरलेल्याच्या जोरावर त्याने दुसरं आणलं. जुनं, कुणीतरी कंटाळून विकलेलं. विकणारा का कंटाळला, हे विचारायची साधी अक्कल या माणसाला त्या दिवशी सुचली नाही. एरवी गिऱ्हाइकाचा बल्ब बदलतानासुद्धा दहा प्रश्न विचारतो.

पुढे गणितं अवघड होत गेली, मिळकत निम्म्यावर आली, वीज महागली. जगात कुठेकुठे मोठाल्या शेडमध्ये हजारो यंत्रं लावून बसलेले लोक होते आणि त्यांच्यासमोर याची मागची खोली म्हणजे नदीत बुडवलेला चमचा. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा त्याचा मित्र दर आठवड्याला विचारायचा, "अजून परवडतं का रे?" आणि हा दर आठवड्याला नवं कारण काढायचा. भाव वाढणार आहे. मी बंद केलं की दुसऱ्याच दिवशी वाढेल, माझं नशीब तसंच आहे. एवढं घातलंय त्यात, आता मध्येच कुठे सोडू? आणि सगळी कारणं संपली की शेवटचं, हुकमी: "आईच्या गुडघ्यांना बरं वाटतं रे तिथं. खोली गरम असते ना."

हे मात्र दिसायला खरं होतं. आई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसायची. घरात त्या आवाजाचा त्रास न होणारी ती एकटीच, कारण दहा वर्षांपूर्वी तिचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती बोलणं ओळखायची, तेही इतकं बिनचूक की नव्या माणसाला पत्ताच लागत नसे. तिच्यासाठी त्याने दारावरची बेल बदलून टाकली होती. बटण दाबलं की बेल वाजण्याऐवजी मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात लाल दिवा लागायचा. सगळ्या गल्लीने त्याचं कौतुक केलं होतं.

आईला ओठ वाचता यायचे हे सोयीचं होतं, तसंच गैरसोयीचंही. काही लपवायचं असलं की तो पाठ फिरवून बोलायचा. एकदा तिने यंत्राकडे बोट करून विचारलं, "काय मिळतं रे यातून तुला?" तेव्हा तो पंख्यातली धूळ झटकायच्या निमित्ताने वाकला आणि यंत्रालाच म्हणाला, "आता काही नाही." मग वळला, तिच्याकडे बघून हसला, आणि हाताने 'बरं चाललंय' अशी खूण केली. खरं बोलल्याचं समाधान मिळालं आणि बोलणीही खावी लागली नाहीत. असला हा खाणमालक.

आता फ्यूजचं. दुसरं यंत्र आलं आणि घरातला फ्यूज उडायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. फ्यूजमधली बारीक तार असतेच त्यासाठी: भिंतीतल्या वायरला झेपणार नाही एवढी वीज ओढली गेली की तार आधी वितळते, वीज तुटते आणि घर वाचतं. याचा अर्थ एकच होता की मागच्या खोलीची वायर जुनी आहे, ती बदलून जाड टाकायला हवी. म्हणजे भिंत फोडा, यंत्रं चार दिवस बंद ठेवा, वीज कार्यालयात जाऊन जादा भाराचा अर्ज करा. वीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस, परक्याच्या घरी त्याने हेच सांगितलं असतं आणि ऐकलं नाही तर हत्यारांची पिशवी उचलून चालता झाला असता. स्वतःच्या घरी त्याने वायर बदलायची सोडून फ्यूजमधली तार बदलली. बारीक काढली, जाड घातली. आता फ्यूज उडायचा प्रश्नच नव्हता. तात्पुरतं आहे, भाव वाढला की पहिलं काम हेच करू, असं त्याने मनाशी म्हटलं, त्याला तीन महिने झाले होते.

त्या दिवशी दुपारी तो एका शिवणकामाच्या कारखान्यात होता. अकरा मशिनं, दोन इस्त्र्या आणि एकच जुनाट बोर्ड. फ्यूज काढून बघतो तर आत काडीएवढी जाड तार पिळून बसवलेली. त्याचं डोकंच फिरलं. मालकीणबाईंना त्याने बोर्डापाशी बोलावलं आणि ती तार त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"बाई, हा फ्यूज नाही, हा खिळा आहे. आग लागली तरी हा जळायचा नाही. तुमच्या बायका जळतील. हे ज्याने केलं ना, त्याला परत दारात उभं करू नका."

बाईंचा चेहरा उतरला. बोलताना याची जीभ जराही अडखळली नाही. आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

फोनवर दोन यंत्रांच्या दोन ओळी दिसायच्या. चालू असलं की हिरवी, बंद पडलं की लाल. दुसरी लाल झाली होती. बघता बघता हिरवी झाली. परत लाल. इंटरनेट नडतंय, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि स्क्रू पिळायला घेतले. दहा मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. या वेळी दोन्ही ओळी लाल होत्या आणि त्या लालच राहिल्या.

वीज गेली असेल, असं त्याला वाटलं. सगळ्या भागाची गेली असेल. बोटं आपोआप किराणावाल्याच्या नंबरवर गेली.

"लाईट गेली का हो आपल्याकडे?"

"नाही बुवा. पंखा फिरतोय माझा. का, खाण बंद पडली वाटतं?"

हसून सोडून द्यायची गोष्ट होती. पण हा मनात हिशोब मांडत होता. गल्लीत वीज आहे आणि घरात नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात अशा वेळी फ्यूज उडालेला असतो. याच्या घरात फ्यूज उडणं शक्यच नव्हतं, ती व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने केली होती. मग तुटलं काय? भिंतीतली वायर. आणि वायर अशी उगाच तुटत नाही, ती आधी जळते. आणि दुपारचे तीन वाजले होते. आई मागच्या खोलीत असणार.

"भाऊ, एक काम करा, वर जा आणि दार वाजवा. धूर येतोय का बघा." याने हातातली पक्कड खाली टाकली. "फोन बंद करू नका."

जिन्यावरची पावलं ऐकू आली. मग दारावर थापा. मग पुन्हा थापा, जोरात.

"उघडत नाहीत हो कुणी. आतून कडी आहे."

"अहो, तिला ऐकू येत नाही. बेल दाबा, बेल."

"दाबतोय की मघापासून."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बेलचा दिवा विजेवर लागतो. ज्या बेलचं सगळ्या गल्लीने कौतुक केलं, ती नेमकी आज मेलेली होती. भिंतीला टेकून त्याने विचारलं, "धूर?"

"धूर दिसत नाही. पण वास येतोय. रबर जळाल्यासारखा."

बोर्ड उघडा, पिशवी तिथेच, पक्कड जमिनीवर. मालकीणबाई काहीतरी विचारत होत्या, त्याने ऐकलं नाही. धावत जाऊन त्याने स्कूटर सुरू केली. पंधरा मिनिटांचा रस्ता. एका चौकात लाल दिवा लागला तेव्हा तो थांबला आणि आपण थांबलोय हे कळल्यावर तसाच निघाला. डोक्यात दुसरं काही नव्हतं. आईची ती खुर्ची, तिच्यामागचा प्लग, आणि खुर्चीच्या पाठीवर ती वाळत टाकते ते टॉवेल. प्लगपासून टॉवेल वीतभर अंतरावर. रोज बघायचा तो. एकदाही खुर्ची सरकवली नाही. मेलं ते यंत्र, मेली ती नाणी. आईला काही झालं तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघणार?

जिन्यात वास होता. किराणावाला दारापाशी घामाघूम उभा. याने धावत येऊन सवयीने आधी बेलच दाबली, मग स्वतःवरच चिडून दाराला खांदा दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या धडकेला आतून कडी सरकली.

आई उभी होती. पदर नाकाशी धरलेला, उजव्या हाताची बोटं काळी झालेली, काठी काखेत. मागे घरात अंधार आणि करपट वास, पण ज्वाळा नाही, धूर नाही. त्याने तिला दोन्ही खांद्यांना धरलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि त्याला रडू फुटलं. चाळिशीचा माणूस, किराणावाल्यादेखत हुंदके देऊन रडला. किराणावाला बिचारा मान खाली घालून जिना उतरला.

"जमीन हादरली म्हणून आले," आई म्हणाली. "मला काही झालेलं नाही. प्लग पेटला होता. काठीच्या मुठीने मेन स्विच खाली ओढला, मग ओला टॉवेल टाकला. आधी मेन, मग पाणी. तुझ्या बाबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं."

तो डोळे पुसत मान हलवत राहिला. मग तिने डावी मूठ उघडली. तळहातावर फ्यूजचा पांढरा चिनी मातीचा तुकडा होता.

"प्लग पेटला तरी फ्यूज का उडला नाही, म्हणून काढून बघितला." तिने त्यातली तार अंगठ्याखाली फिरवली. तीस वर्षं शिडीखाली उभी राहून तिने नवऱ्याला फ्यूजच्या तारा तोडून दिल्या होत्या. तार किती भाराची हे तिला डोळे मिटूनही कळायचं. "ही इथली तार नव्हे. कोणी घातली रे? घरात येऊन कोणी हात लावला याला?"

तिच्या मनात त्याचं नाव आलंसुद्धा नव्हतं. तो खाली बघून म्हणाला, "मी."

"तोंड वर करून बोल. मला दिसत नाही."

आता पाठ फिरवायला जागा नव्हती. त्याने मान वर केली आणि ओठ नीट हलवून म्हणाला, "मी घातली. फ्यूज सारखा उडायचा म्हणून."

आई त्याच्या ओठांकडेच बघत राहिली. ते त्याला सोसवेना.

"मिळत काही नाही त्यातून, आई. वर्ष झालं, खिशातूनच जातंय. पण तुला तिथं बरं वाटायचं. तुझ्या गुडघ्यांना शेक मिळायचा म्हणून मी ते चालू…"

"कसला शेक?" आई म्हणाली. "जीव घाबराघुबरा व्हायचा माझा त्या उकाड्यात. तू आणि सूनबाई कामावर जाता आणि मागे ते धगधगतं यंत्र घरात एकटं. पहिल्या महिन्यापासून मला त्या वायरीचा वास येत होता. वायरमनचं घर, म्हटलं असेल काहीतरी हिशोब त्याचा. पण कुणीतरी राखण करायला नको का? म्हणून बसायचे."

 

तो मागच्या खोलीत गेला आणि दोन्ही यंत्रांच्या वायरी घरातल्या पकडीने मुळापासून तोडल्या. खुर्चीची पाठ करपली होती. परत आला तेव्हा आई मेन स्विचखाली बॅटरी घेऊन उभी होती, आणि तिच्या हातात बाबांच्या जुन्या डब्यातलं बारीक तारेचं रीळ होतं. तिने वीतभर तार तोडली, अंगठ्याखाली फिरवून बघितली, मग त्याच्या हातात दिली. त्याने ती फ्यूजमध्ये बसवायला घेतली. आई हलली नाही. शेवटचा स्क्रू आवळून होईपर्यंत तिने उजेड त्याच्या हातांवरच धरून ठेवला.