चौथी डेलिमा

नऊ पोरांची आई असलेल्या डेलिमा मिशोने बाळ उचलताना कधी दोनदा विचार केला नव्हता. त्या फेब्रुवारीत मात्र बाळ घेऊन घोड्याच्या बर्फगाडीत बसायला तिने उशीर लावला, आणि थंडीचं कारण सांगून वेळ मारून नेली.

थोरल्या ओव्हिदला परवा पहिली मुलगी झाली होती. बाप्तिस्म्याला पहिल्या बाळाचे धर्मआईबाप म्हणजे बापाचेच आईबाप, आणि मुलीला नाव धर्मआईचं. यात कुणी कुणाला विचारत नाही. देवमातेचं मरी हे नाव तर प्रत्येक मुलीला आधी लागतंच, हाक मारायची ती पुढच्या नावाने. सून अल्फोंसिन दोन दिवस बाळाच्या कानात डेलिमा, डेलिमा करत होती. बाळंतीण काही चर्चला जात नाही. बाळाला शालीत गुंडाळून नेते ती आजी.

घोटाळा झाला होता तो शरद ऋतूतच. अमेरिकेत गिरणीत काम करणाऱ्या चुलतबहिणीने घराण्याची पिढीवार नावं मागवली होती. डेलिमा चर्चच्या नोकराकडे, म्हातार्‍या तेलेस्फोरकडे गेली. तो जुन्या नोंदवह्या काढून बसला. वहीत बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच असते, म्हणून शोध भराभर लागला. दोघं थेट खापरपणजी अपोलिनपर्यंत पोचले. ती एक्क्याण्णव वर्षं जगली होती. मग डेलिमाचं स्वतःचं पान आलं.

आपल्या आधी एक डेलिमा होऊन गेली हे तिला आईने सांगितलं होतं. मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला देतातच. पण वहीत तीन निघाल्या. एक अकरा दिवसांची, एक चार महिन्यांची, एक दोन वर्षांची.

तेलेस्फोर चष्मा पुसत म्हणाला, "तुझ्या आईला दुसरं नाव सुचतच नव्हतं का गं?"

ती हसली नाही. नावं उतरवून घेतलेला कागद तिने बहिणीला धाडला नाही. एप्रनच्या खिशात ठेवला, आणि तेव्हापासून सुनेचं पोट वाढताना पाहून, मुलगी झाली तर तिलाही हेच नाव लागणार या धास्तीने तिची झोप उडाली.

चर्चमध्ये पाणी कोमट करून ठेवलं होतं. नवरा ओनेझिम धर्मबाप म्हणून शेजारी ताठ उभा होता. पाद्रीबाबांनी लेखणी घेऊन, विचारायचं म्हणून नाव विचारलं. बाळ डेलिमाकडे बघतही नव्हतं, जांभई देत होतं.

"अपोलिन," डेलिमा म्हणाली.

ओनेझिमने मान वळवली, पण देवळात भांडता येत नाही. शाई वाळली. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, की घरी तू सांग, मी गोठ्यात असेन.

अल्फोंसिनने हात पुढे केले. "आण माझ्या डेलिमाला."

डेलिमाने बाळ दिलं आणि खरं ते सांगून टाकलं. सून आधी लाल झाली. मला न विचारता? माझ्या पोरीचं नाव? डेलिमाने खिशातला कागद पलंगावर ठेवला. अल्फोंसिनने तो दोनदा वाचला.

"तीन गेल्या," ती म्हणाली. "आणि चौथी?"

"चौथी मी."

"चौथीनं नऊ पोरं वाढवली, माझ्या सासऱ्यांना धाकात ठेवलं, आणि आज माझ्या पोरीचं नाव परस्पर ठरवून आली. मला काही हे नाव कमजोर वाटत नाही, आई."

सत्तावन्न वर्षं डेलिमा त्या नावाने जगत होती, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"आता शाईनं लिहिलंय, तर राहू दे अपोलिन," अल्फोंसिन बाळाला छातीशी घेत म्हणाली. "पण पुढची मुलगी डेलिमाच. तेव्हा धर्मआई माझी आई असेल. स्वतःचं नाव न देता डेलिमाच सांग, असं तिला मी आजच बजावून ठेवते."

डेलिमाने कागद उचलून घडी केली. स्वयंपाकघरात जाऊन वाटाण्याचं सूप चुलीवर ठेवलं, आणि ते ढवळता ढवळताच, ओव्हिदला पुढचा मुलगाच होऊ दे म्हणून तिने देवमातेची आई संत आन हिला नवस बोलला.