पत्ता मिळाल्याशिवाय

बिघडलेलं यंत्र बंद करून पुन्हा चालू करणाऱ्या माणसाला माझ्या आत्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. दूरध्वनी खात्यात हयात घालवून ती निवृत्त झाली आणि जुन्या जालन्यातल्या आमच्या कापड दुकानातल्या संगणकाच्या मागे लागली. त्यावरचं होतं नव्हतं ते काढून तिनं लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली बसवली, आणि ती बसेपर्यंत गिऱ्हाइकांना मी हातानं बिलं लिहून दिली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या की शेजारणीचं गाऱ्हाणं ऐकावं तशी ती मान डोलावत वाचायची. "ते सगळं सांगून राह्यलंय, तुम्हीच ऐकत न्हाई," म्हणायची. "बंद करून चालू केलं की बिमारी लपती, जात न्हाई."

आतेभाऊ तिला कायमचं पुण्याला न्यायला आला, त्याच सकाळी दुकानातलं इंटरनेट गेलं. आदल्या संध्याकाळी तिनंच लिनक्सची नवी आवृत्ती चढवली होती आणि तिच्यात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारी आज्ञावली, आलाच नव्हता. सामान गाडीत चढलं होतं. आत्या पडद्यासमोर. "कार्ड दिसून राह्यलंय, पण त्याच्याशी बोलणारं कुणी न्हाई," ती म्हणाली. मोबाइल जोडून तिनं तात्पुरतं इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर उतरवून बसवला. मोबाइल काढला. कार्डाचा हिरवा दिवा लागला, तरी इंटरनेट येईना. राउटरकडून संगणक आपला पत्ता आपोआप मागून घेतो. त्यानं घेतला होता, पण भलताच.

"आई, चल. बाकीचं दादा बघंल," आतेभाऊ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"याला बराबर पत्ता मिळाल्याशिवाय मी हलणार न्हाई."

तेवढ्यात शेजारचे चप्पलवाले सलीमभाई डोकावले. "आपा, तुमारा नेट गया सुना, तो तुमारे वायर कू मेरा पुराना राउटर लगाया मैं. कुछ फायदा हुआ?"

आत्यानं उठून वायरीचा माग काढला. एकाच तारेवर दोन राउटर पत्ते वाटत होते. सलीमभाईंचा डबा तिनं हळूच काढून त्यांच्या हातात दिला, पुन्हा पत्ता मागवला, आणि सगळं सुरळीत झालं. मग तिनं सलीमभाईंसाठी चहा मागवला. एरवी उभ्याउभ्या चहा संपवणारी आत्या त्या दिवशी एकेक घोट घेत बसली होती. आतेभावानंही मग तिला घाई केली नाही.

पुण्याच्या घरात सगळं एका झटक्यात जोडलं जातं. "इथं काही बिघडतच न्हाई रे," ती एकदा फोनवर म्हणाली.

परवा दुकानातलं नेट गेलं तेव्हा मी तिला फोन लावला. दिवा लागला का, कार्ड दिसतं का, पत्ता कोणता आला, तिनं एकेक विचारायला घेतलं. आवाज पार बदलला होता. बोलता बोलता माझ्यासमोर नेट सुरू झालं. गडबड बाहेरच्या लाइनीतच होती, ती तिकडंच मिटली.

"आलं का?" आत्यानं विचारलं.

"अजून न्हाई," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो.

"मंग काय लिहून आलंय ते वाच. सावकाश वाच, मला काही काम न्हाई."