अण्णांना ऐकू येत नव्हतं

आमच्या कॉलेजात आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो ठार बहिरा होता. अण्णा. विणकरांच्या घरातले, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. तरुणपण चादरीच्या कारखान्यात यंत्रमागांचे मिस्त्री म्हणून गेलं आणि त्या खडखडाटात कान गेले. कारखान्याला कुलूप लागल्यावर ते जुळे सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वायरमन म्हणून आले. विजेचा विषय शिकवणारे चार प्राध्यापक आमच्याकडे होते, पण पंखा अडला की तेही अण्णांनाच हाक मारायचे. हाक अर्थातच ऐकू जायची नाही, मग शिपाई पाठवावा लागायचा.

अण्णा ऐकायचे ते बोटानं. पाण्याची मोटर असो की जनरेटर, आधी त्यावर उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवायचे, डोळे मिटायचे आणि डॉक्टर नाडी बघतात तसे उभे राहायचे. मग एकदम म्हणायचे, "बेरिंग गेलंय." आणि गेलेलंच असायचं! मी एकदा विचारलं की हे जमतं कसं. तर म्हणाले, "कान फसवतोय, स्टोअरवाले. बोट न्हाई फसवत." स्टोअरवाले म्हणजे मी. कॉलेजच्या भांडाराच्या चाव्या माझ्याकडे असायच्या, आणि त्या काळी मला त्याचा बराच तोरा होता.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही, त्यामुळे अण्णांकडे गुपित असं काही टिकायचंच नाही. प्राचार्यांच्या खोलीतला एसी गार करत नाही म्हणून त्यांना बोलावलं, तर पाच मिनिटांत त्यांचा अहवाल तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला: "मशीन झकास हाय! साहेबच खिडकी उघडी ठेवून बसालेत!" त्यानंतर कुठल्याही खोलीत अण्णांना बोलवायचं तर लोक आधी दार लावून घ्यायचे. दार लावून काही उपयोग नव्हता, हा भाग वेगळा.

आता हिरवळीचं सांगतो. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापुरात आमच्या प्राचार्यांनी कॉलेजपुढं अडीच एकर हिरवळ वाढवली होती. बोअर घेतली, टँकर लावले, आणि गवत कापायला वर बसून चालवायचं मशीन आणलं. ते चालवायला कुणी पुरुष तयार होईना. गाडीसारखं दिसतं पण गाडी नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बागेतल्या मालनबाई बसल्या. त्या माढ्याकडच्या. दहा-बारा वर्षं उकिडवं बसून खुरपं चालवून त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. मशीनवर बसल्या आणि त्यांची चालच बदलली. सकाळी त्या पदर खोचून अशा फेऱ्या मारायच्या की गेटवरचा वॉचमनसुद्धा सावरून बसायचा.

आणि मग मला अवदसा आठवली! खंडेनवमीला कॉलेजची सगळी यंत्रं पुजायची आमची पद्धत. त्या वर्षी मला वाटलं, गवत कापायचं मशीन फार कळकट दिसतंय, जरा नटवावं. गेटचा निळा ऑइलपेंट उरला होताच. पेंटर बोलावला, बॅटरी काढली, वायरी सोडल्या, आतून बाहेरून चकाचक निळं केलं आणि वाळल्यावर सगळं परत जोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. प्राचार्य म्हणाले, "वा, नवंच वाटतंय." मी कॉलर ताठ केली.

दसरा झाल्यावर मालनबाईंनी चावी फिरवली. मशीन ढिम्म. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुकानाचा मेकॅनिक आला, त्यानं नवी बॅटरी घातली. तरी एक बारीक टक्, बस्स. मग त्यानं निदान केलं की बाईंनी चावी दाबून दाबून स्टार्टर जाळला. हिरवळ घोट्याच्या वर गेली, आणि पुढच्या सोमवारी तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बाईंना परत खुरप्यावर पाठवा. मशीनला शिकलेला माणूस ठेवू." मालनबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूच पायरीवर बसल्या. मला वाईट वाटलं, पण रंगाचा आणि माझा काही संबंध असेल हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

अण्णा आले ते हातात त्यांचा बल्ब घेऊन. स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच त्यांचं यंत्र. मेकॅनिक हसला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, मालनबाईंना म्हणाले, "रोज बसतोय त्यानं बसायचं. बसा." त्या सीटवर बसल्या.

"रोज काय करताव, तसंच करा."

मालनबाईंनी ब्रेक दाबला, पात्याचा दांडा बंद असल्याचं बघितलं आणि चावी फिरवली. सगळं बरोबर. सीटवर माणूस नसला, ब्रेक सुटला किंवा पातं चालू राहिलं तर हे मशीन सुरूच होत नाही, आणि त्या बाईनं तिन्ही गोष्टी न चुकता केल्या. अण्णांचं बोट तेवढ्यात बॅटरीजवळच्या, टक् वाजणाऱ्या डबीवर होतं. ते म्हणाले, "चावीचा हुकूम येतोय. दम न्हाई येत."

"पूजेच्या आदी चालत हुतं की ओ," मालनबाई म्हणाल्या. "पूजेपास्नंच बंद हाय."

एवढी एक गोष्ट आठवडाभरात कुणी त्यांना विचारलीच नव्हती!

अण्णांनी बल्बची एक वायर बॅटरीच्या एका टोकाला लावली, दुसरी दुसऱ्या टोकाला. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर तिथून काढून मशीनच्या सांगाड्याच्या एका उघड्या नटाला टेकवली. बल्ब नुसता लालसर झाला. अण्णा वाकले. वीज बॅटरीकडं परत नेणारी काळी वायर सांगाड्याला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं त्यांनी बोट फिरवलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नुसता माझा हात धरला आणि माझं बोट त्या बोल्टखाली नेऊन टेकवलं. गुळगुळीत लागलं. वायरीच्या आणि लोखंडाच्या मधे माझा ऑइलपेंट होता. रंगातून कुठली वीज जाणार?

प्राचार्य उभे, मेकॅनिक उभा, मालनबाई सीटवर. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी घसा खाकरून, शर्टाच्या बटणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "तो रंग... माझ्यामुळं..."

"मोठ्यानं बोला की स्टोअरवाले!" अण्णा गरजले. "मला ऐकू येत न्हाई, म्हाईत हाय की तुमाला!"

काय करता! मी ओरडलो. "रंग मी लावायला सांगितला होता! पूजेसाठी! मालनबाईंची काही चूक नाही!" ग्रंथालयाच्या दोन खिडक्या उघडल्या. अण्णांनी शांतपणे मान हलवली, बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, वायर आवळली आणि मालनबाईंना खूण केली. पहिल्याच चावीला मशीन धडधडलं. त्या कुणाकडेही न बघता सरळ गवतात शिरल्या, आणि सोमवारपर्यंत हिरवळ चटईसारखी झाली. मला लेखी खुलासा द्यावा लागला. महिनाभर मी अण्णांवर फुगून होतो. चूक कुणाची हे त्यांनी स्वतःहून एकदाही सांगितलं नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं.

गेल्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. निरोप समारंभात वायरमनला निरोप देताना माइक बंद पडला, आणि तो दुरुस्त करायला उत्सवमूर्तीलाच कसं सांगायचं म्हणून तो तसाच राहिला. आम्ही वर्गणी काढून त्यांना कानाचं यंत्र दिलं. त्यांनी ते डबीसकट खिशात टाकलं आणि व्यासपीठ सोडून मागं, स्विचबोर्डाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथंच बरं वाटतं म्हणाले.

भाषण माझ्याकडे होतं. माइकशिवाय माझा आवाज चौथ्या रांगेच्या पुढं जात नाही. मधली माणसं आपापसांत बोलत होती. पण मी एसीचा किस्सा सांगितला आणि सर्वांत मागं अण्णा खुदकन हसले. बेरिंगचं सांगितलं, त्यांनी बोट वर करून दाखवलं. यंत्र अजून खिशात होतं. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

मी बोलायचा थांबलो. यंत्रमागांच्या त्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नसणार. तिथं माणसं एकमेकांचे ओठच वाचत असणार, आणि अण्णांनी उभं तरुणपण तिथं काढलं होतं. म्हणजे त्या दिवशी, हिरवळीवर, माझं पहिलंच वाक्य त्यांना कळलं होतं. माझे डोळे भरून आले. रंगाची गोष्ट सांगायची म्हणून तोंड उघडलं, तर आवाज पार खाली गेला.

मागून अण्णा उठून उभे राहिले.

"मोठ्यानं बोला की स्टोअरवाले! मला कळालंय. ह्या लोकान्ला ऐकू येईना झालंय!"

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं.