मामाची मांडी

“पोरीचे कान टोचायचे तर मामाच्याच मांडीवर. जगाची रीत हाय ती!” बसम्मा चुलीपुढून ओरडली.

“तो तिचा मामा न्हाई. किती येळा सांगू अव्वा?” महानंदा आईला म्हणाली.

“मग अकरा वर्षं राखी कुणाला बांधत आलीस?”

“तू बांधाय लावलीस म्हणून.”

बाहेर ओसरीवर सोनार कान टोचायच्या तारा पुसत बसला होता. महानंदाचे वडील गुंडप्पा त्याच्याशी आटलेल्या विहिरींबद्दल बोलत होते. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये इतक्या मोठ्यानं बोलत होते.

दोन वर्षांच्या उमाला कडेवर घेऊन महानंदा माजघरातून परसात आणि परसातून माजघरात फिरत होती. माहेरी आली की तिचं असंच व्हायचं, एका जागी बूड टेकायचं नाही. दुपारी जरा आडवी झाली तरी उठून दाराची कडी बघायची. पाण्याचा ठणठणाट असताना घासलेली घागर पुन्हा घासायची आणि आईच्या शिव्या खायची.

बहात्तरच्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायला जायचे, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिला सांभाळायला चुलतभाऊ ईश्वरप्पा घरी असायचा. बावीस वर्षांचा बाप्या. त्यानं तिच्याशी जे केलं, ते तिनं आठ दिवसांनी आईला सांगितलं. बसम्मानं तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. “कुणाला बोलू नको,” म्हणाली. आणि राखीपुनवेला पोरीच्या हातात दोरा दिला. महानंदाला सख्खा भाऊ नव्हता. बसम्माला वाटलं, एकदा बहीण म्हणवली की पुरुषाचा हात आवरतो. ईश्वरप्पानं हसत हसत दोरा बांधून घेतला, ओवाळणीत चार आणे टाकले. पुढच्या आठवड्यात घर रिकामं झालं, तसा तो पुन्हा आला. दोऱ्यानं एवढंच झालं, की आता तो उमाचा मामा ठरला.

लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. मल्लिकार्जुन दिवसभर शेतात बसून राहिला. आता हा आपल्याला माहेरी धाडणार, असं धरून तिनं ट्रंक भरून ठेवली होती. संध्याकाळी त्यानं ट्रंक उचलून जागच्या जागी ठेवली आणि म्हणाला, “फिर्याद द्यायची तर मी संगं येतो.” पण तेव्हा जिल्ह्याचं गाव उस्मानाबाद. जाऊन यायचं म्हणजे घरादाराला सबब सांगावी लागायची. गेल्या साली लातूर जिल्हा झाला. लातूरच्या वकिलानं स्पष्टच सांगितलं, “इतक्या वर्षांनी टिकंल का न्हाई, सांगता येत न्हाई बाई.” तेव्हापासून ती आज जाऊ, उद्या जाऊ करत होती.

“कुठाय आमची भाची?” ईश्वरप्पा नवं झबलं घेऊन आत आला. त्यानं दोन्ही हात पुढं केले. महानंदा चटकन मागं सरली.

“आईवर गेली बघा काकू. लाजाळू,” तो हसला.

“दे की गं त्याच्याकडं,” बसम्मा म्हणाली. “तार टोचताना पोरगी हात झाडंल. घट्ट धराया घरचाच माणूस लागतो.”

घट्ट. महानंदाचे पाय थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच थांबले.

ती ओसरीवर गेली आणि सोनारापुढं मांडी घालून बसली. “काका, टोचा. मीच धरते.” तार गेली, उमानं टाहो फोडला. महानंदानं तिला उराशी धरून थोपटलं आणि दुसरा कान पुढं केला. सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

“रीत मोडली हिनं!” बसम्मा उंबऱ्यात येऊन म्हणाली. तिच्यामागं ईश्वरप्पा झबलं धरून उभा होता.

महानंदा उठली. “अप्पा, दुपारच्या यष्टीनं मी लातूरला चालले. उमाचे बाबा आम्हाला न्यायला तिथं स्टँडवर येणारच हायत. पोलीस कचेरीत ईश्वरप्पाच्या नावानं फिर्याद देणार हाय. आणि अव्वा, साक्षीला तुझं नाव देणार हाय.”