आईच्या लेखाखालचा पहिला प्रतिसाद

आमच्या त्या मराठी संकेतस्थळावर माझ्यासारख्यांना ‘वाचनमात्र’ म्हणतात. रोज यायचं, सगळं वाचायचं आणि एक अक्षर न लिहिता निघून जायचं. मी चार वर्षं तशीच होते. कोण कुठल्या विषयावर हमखास चिडतं, कोण भांडण झालं की महिनाभर रुसून बसतं, मला सगळं ठाऊक. मला मात्र तिथे कुणीच ओळखत नव्हतं, आणि ते बरं वाटायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी लिहिलं ते मार्कांपुरतं.

आईला तिथे मीच नेलं. मुलुंडच्या आमच्या घरात तिने तीस वर्षं ब्लाउज शिवले. डोळे दुखायला लागले तेव्हा मशीन बंद केलं, आणि दुपारचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. मी तिला फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं. ती लिहायला लागली. एका लेखात एक ब्लाउज आणि तो घालणारी बाई, नाव न घेता. नवरा गेल्यावर त्याच्या रेशमी कुर्त्याचा ब्लाउज शिवून घेणाऱ्या बाईवरचा लेख मी अंधेरीला ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचला आणि डबा तसाच बंद केला.

घरी मात्र काही बोलले नाही. तोंडावर कौतुक करायचं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. आईने विचारलं, तर “बघते नंतर” म्हणाले.

त्या संकेतस्थळाची रीत अशी, की ज्या लेखाखाली शेवटचा प्रतिसाद आला, तो यादीत सगळ्यात वर जातो. साबुदाण्याच्या खिचडीत काकडी घालावी की नाही, यावरची मारामारी तीन आठवडे वरून हलली नव्हती. आईचा लेख वाचून मन भरतं, पण त्यावर भांडायला काही नसतं. लोक वाचतात, गप्प होतात, निघून जातात. संध्याकाळपर्यंत लेख दुसऱ्या पानावर. खाली ‘प्रतिसाद ०’.

“कोण वाचत नाय गो,” आई म्हणायची.

“वाचतात आई. लिहीत नाहीत फक्त.”

“तुला काय माहीत?”

मला नाही तर कुणाला माहीत असणार? पण तेही सांगितलं नाही.

पाचव्या लेखानंतर ती म्हणाली, “हा सहावा टाकते आणि पुरे. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.”

सहावा लेख एका शिक्षिकेचा होता. चाळिशी उलटल्यावर तिने पहिल्यांदा मागे नाडीचा ब्लाउज शिवून घेतला होता. मी दुपारी ऑफिसात बसून एक खोटं नाव घेतलं आणि लिहिलं, ‘ताई, फार सुंदर लेख. मागच्या गळ्याची ती निळी नाडी डोळ्यांसमोर उभी राहिली. पुढचा भाग लवकर येऊ द्या.’

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती.

“निळी नाडी?”

“काय?”

“लेखात नाडी आहे. निळी कुठे आहे?”

मी चपला काढत राहिले.

“तू आठवीत होतीस. सेफ्टी पिन लावून तूच ओवलीस ती. मेले, खोटं तरी नीट बोल!”

मला हसू आलं. तिला आलं नाही. “दुपारी मला किती बरं वाटलं, माहितीये? वरच्या मजल्यावरच्या काकींना नेऊन दाखवलं. जिना उतरताना कळलं, ही तर आपलीच कार्टी.”

“आई, मला खरंच आवडला.”

“मग घरात तोंड नाही तुला? दया नको मला कुणाची. तुझी तर नकोच.”

दोन दिवस तिने फोनला हात लावला नाही. रविवारी दुपारी ती आत पडली होती, तेव्हा मी त्याच लेखाखाली पुन्हा लिहायला बसले. चार ओळींना दीड तास लागला.

‘वरचा प्रतिसाद खोट्या नावाने माझा आहे. मी लेखिकेची मुलगी. सगळे लेख मी वाचलेत, तिला कधी सांगितलं नाही. मला नीट लिहिता येत नाही आणि त्याहून कमी बोलता येतं. लहानपणी पाहिलेलं एक विचारायचं होतं. ब्लाउज घालून बाई पहिल्यांदा आरशात बघायची, तेव्हा तुम्ही पाठ का फिरवायचात?’

अर्ध्या तासात खाली एक ओळ आली, ‘मीही वाचनमात्र. सहाही वाचलेत.’ मग दुसरी, ‘तीन वर्षांत पहिल्यांदाच लिहितेय.’ घाटकोपरच्या एकीने लिहिलं, की तिच्या आईला आता दिसत नाही, ती तिला हे लेख वाचून दाखवते. कुणीतरी ‘घरगुती गप्पा इथे कशाला’ असंही टाकलं, आणि त्याच्याशी भांडायला आणखी तिघी आल्या. लेख यादीत वर चढला. इतकी माणसं इतके दिवस त्याच खोलीत गप्प बसून होती, प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत.

मी आईला उठवलं नाही. चहा ठेवला. आतून तिच्या फोनचा टिकटिक आवाज यायला लागला. बराच वेळ येत राहिला. चहा गाळेपर्यंत माझ्या फोनवर तिचं उत्तर आलं होतं. मला तिने ‘तुम्ही’ म्हटलं होतं.

‘बाई आधी आरशात बघते आणि लगेच माझ्या तोंडाकडे. मी हसले की ती हसते, माझ्या कपाळाला आठी दिसली की तिला ब्लाउज आवडेनासा होतो. तिला काय वाटलं ते आधी तिचं तिला कळू दे, म्हणून मी कपाट आवरायचे. पण तुम्हाला खरं सांगते, कान मागेच असायचे. ती गप्प राहिली की माझा जीव खालीवर व्हायचा.’

मी कप घेऊन आत गेले. आईने फोन पालथा ठेवला.

“आतल्या बाजूने खिसा शिवून घेणारी एक होती,” ती म्हणाली. “मासे विकायची. तिचं लिहू?”

“लिही ना.”

“लिहीन. पण मग तू पाठ फिरवायची नाहीस.”