आठल्येच्या मुलीची कॅनाल-फेसिंग प्रॉपर्टी

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे बराचसा. म्हणजे जिथे मी शुद्धीत आणि हजर होतो तिथला तरी. उरलेलं विल्सनने सांगितलंय, आणि विल्सन वसईचा आहे, तेव्हा तिखटमीठ धरून चाला.

बहारीनमध्ये उन्हाळ्यात चालायला जागा एकच, मॉल! शुक्रवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत आम्ही एसीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. शेवटच्या दुकानाच्या शटरला हात लावायचा आणि मागे फिरायचं. हात लावला नाही तर फेरी धरत नाहीत. या फेऱ्यांमध्ये किस्से साचतात ते एसीच्या पाण्यासारखे, थेंब थेंब. बादली भरली की कुणाला तरी ओतावी लागते.

* * *

आमचा आठल्ये अस्करजवळच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनियर. त्याची मुक्ता इंग्लंडात बँकेत होती. एका शुक्रवारी शटरला हात लावता लावता आठल्येने जाहीर केलं, "मुक्ताने घर घेतलं. कॅनाल-फेसिंग!"

"वा! कॅनाल कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"चारी बाजूंना," आठल्ये म्हणाला आणि एकदम भरभर चालायला लागला.

महिन्याभराने त्याच्या बायकोने, नंदावहिनींनी, फोटो दाखवला. होडी! लांबलचक, अरुंद, हिरवीगार, टपावर तुळशीची कुंडी. पोरगी बँक सोडून त्या होडीत राहत होती आणि लोकांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होती!

आठल्येने तिच्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस लीव्ह टाकली. "तिला घेऊनच येतो. खलास! आणि त्या होडीत मी पाय ठेवणार नाही."

नंदावहिनींनी मला आणि विल्सनला बाजूला घेतलं. "भावजी, तुम्ही दोघंही चला. चार माणसांत हे जरा हळू ओरडतात. नाहीतर पोरगी कायमची तुटेल."

* * *

आता बहारीनमध्ये चहासाठी गाडीतून उतरणं म्हणजे अगदीच कमीपणा. दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, करक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा, काचेपाशी हजर.

मुक्ताचं गाव फारच जुनं. एक रस्ता, दगडी चर्च, वाकलेली घरं आणि खिडकीत फुलं ठेवलेलं एक चहाचं दुकान. विल्सन बहारीनच्या माहूजमध्ये असल्यासारखा दुकानासमोर थांबला आणि त्याने दोनदा हॉर्न दिला. चर्चवरची सगळी कबुतरं उडाली!

एक म्हातारी मॅडम हात पुसत धावत आली. "कुणाला लागलंय का?"

विल्सनने काच खाली केली. "नो, नो, मॅडम. फोर टी. लेस शुगर."

मॅडमने आम्हा चौघांना नीट बघून घेतलं. आत गेली. ट्रे घेऊन बाहेर आली. चार कप, चार बशा, वर कापडी रुमाल! विल्सन माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, सगळीकडे सारखंच असतं."

तेवढ्यात मॅडमने अत्यंत नम्रपणे विचारलं, "टॉयलेटसाठी तरी आत याल, की तेही बाहेर आणू?"

* * *

मुक्ताची होडी लॉकपाशी यायला वेळ होता, म्हणून आम्ही कालव्याकाठी चालायला निघालो. काय ती वाट! एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, बदकं, शांतता. आम्ही पहिल्या दगडी पुलापर्यंत गेलो, पुलाला हात लावला आणि मागे फिरलो. या टोकाच्या पुलाला हात लावला, परत मागे. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही!

बाकावर एक आजोबा कुत्रा घेऊन बसले होते. आधी कुत्रा आमच्याबरोबर मान फिरवत होता, मग आजोबाही फिरवू लागले. शेवटी त्यांना राहवेना. "तुमचं काही हरवलंय का?"

"नाही हो, आम्ही वॉक घेतोय," आठल्ये म्हणाला.

"पण वाट पुढेही जाते."

आठल्येने पुलाखालून पलीकडे डोकावून पाहिलं. खरंच जात होती. "कुठपर्यंत?"

"तुम्ही थकाल तिथपर्यंत."

"मग परत कसं यायचं?"

नंदावहिनी मला हळूच म्हणाल्या, "मुक्तालाही यांनी हेच विचारलं होतं."

* * *

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. दोन टोकांना दारं, मध्ये होडी. मागचं दार बंद करून मधलं पाणी पुढे सोडलं की होडी खाली उतरते आणि पुढचं दार उघडून बाहेर पडते.

मुक्ता होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभी होती. ऑइलने माखलेली पँट. "हाय, बाबा!"

"नंदा, तिला सांग, मी बोलत नाहीये."

"ओके. आई, बाबांना सांग, पुढच्या दाराची पलीकडची बाजू ढकलायला माणूस हवाय."

यंत्र दिसल्यावर आठल्ये थांबतो होय? मागच्या बंद दारावर फळी होती, तिच्यावरून कठडा धरून तो टणाटण पलीकडे गेला. पाणी उतरू लागलं आणि याची तोफ सुरू झाली.

"बँक सोडलीस!" मुक्ता कमरेपर्यंत खाली.

"आमचा विचार केलास?" आता नुसतं डोकं.

"बहारीनमध्ये लोकांना काय सांगू मी?"

आता नुसता आवाज. "टेल देम कॅनाल-फेसिंग!"

आठल्ये वाकला, आणखी वाकला, शेवटी काठावर पोटावर आडवा झाला. पोटावर झोपून रागावता येत नाही. त्याने करून पाहिलं. मग त्याने एकाएकी कान टवकारले. "इंजिन मिसफायर करतंय."

खालून आवाज आला, "आय नो. इंजेक्टर. इट्स सो ओल्ड, बाबा, पार्ट मिळत नाहीये."

"मिळत नाही म्हणजे? अगं, तो..." एवढं बोलून त्याला न बोलण्याची शपथ आठवली. "नंदा, तिला सांग, तो घासून बसवता येतो!"

पुढचं दार उघडलं. होडी बाहेर पडली. आठल्ये पायऱ्या उतरून खाली आला खरा, पण तो त्या काठाला, आम्ही या काठाला. त्याच्यापुढे कुणाच्या तरी बागेचं काटेरी कुंपण. मुक्ताने होडीचं नाक त्याच्या पायाशी गवताला टेकवलं.

आठल्येने होडीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "पलीकडे यायला आता दुसरा रस्ताच नाही! इलाज नाही म्हणून चढतोय!"

विल्सनने तोंड उघडलं, "पण आठल्येसाहेब, आलात ती मागच्या दारावरची फळी अजून ति..."

नंदावहिनींनी त्याच्या दंडाला असा काही चिमटा काढला की उरलेलं वाक्य त्याने येशूला सांगितलं.

होडी आमच्या काठाला लागलीच नाही. वळणावरून पुढे निघून गेली.

आता कबूल करतो. यातलं एकच मी रचलंय. तोंड विल्सनने उघडलं नव्हतं. चिमटा मला बसला.